कवळीवाल्याचा जॅझचा तास

त्याच्या धंद्यातली गंमत अशी, की ज्यांच्या तोंडात त्याचं काम वर्षानुवर्षं राहायचं, त्यांची तोंडं त्याने कधी पाहिलेलीच नसत. दातांचा डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घ्यायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून तो वर पाठवायचा, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीतल्या छोट्या कारखान्यात त्याची कवळी व्हायची. ठशात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, साच्यावर मेणाची हिरडी बसवायची, तिच्यात एकेक दात रोवायचा, मग मेण वितळवून त्याच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरायचं आणि चकाकेपर्यंत घासायचं. खिडकीखालच्या फळीवर साचे ओळीने वाळत पडलेले असत. रस्त्यात कोणी त्याच्याकडे बघून हसलं, तर त्याला आधी वरची कवळी दिसायची आणि मागून चेहरा. सगळे त्याला कवळीवालाच म्हणत.

लग्न त्याने केलं नव्हतं. दहा वर्षांनी मोठी बहीण दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला होती. तिचा नवरा गेल्यावर दोघं भावंडं एका घरात राहू लागली. घरात रेडिओ होता तो बातम्या आणि हवामानापुरता. हवामान संपून गाणं सुरू व्हायच्या आत बटण बंद करण्यात ताईचा हात धरणारा कोणी नव्हता. भावाला त्याचं काहीच वाटायचं नाही. गाणं म्हणजे बसमध्ये लागतं ते, एवढीच त्याची समजूत होती आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत तिच्यावाचून त्याचं कुठे अडलंही नव्हतं.

त्या वर्षी एका सकाळी एक साठीचा माणूस जिना चढून वर आला. हातात लांबट काळी पेटी होती. पेशंट सहसा वर येत नसत, म्हणून कवळीवाल्याला वाटलं, मशीनचा दुरुस्तीवालाच आला असेल.

"डॉक्टर खाली आहेत," तो म्हणाला.

"तीन डॉक्टर झाले," पाहुणा म्हणाला. "तिघांनी हात टेकले. तिसरा म्हणाला, बनवणाऱ्यालाच जाऊन विचारा."

माणूस सॅक्सोफोन वाजवणारा होता. पायऱ्यांवरून पडून पुढचे चार दात गेले होते आणि वरचे उरलेले डॉक्टरांनी काढून टाकले होते. कवळी बसवली, जेवण सुरळीत झालं, बोलणं सुरळीत झालं. पण सॅक्सोफोनचं टोक तोंडात धरायचं तर वरचे दात त्याच्यावर टेकवावे लागतात. पुढून वर दाब आला की कवळी मागून सुटायची, बाकाच्या एका टोकाला बसलं की दुसरं उचलतं तशी.

"चावायला झकास आहे," तो म्हणाला. "पण चावून चावून माणूस किती चावणार?"

कवळीवाल्याने त्याला खुर्ची दिली आणि वाजवून दाखवायला सांगितलं. दाब नेमका कुठे येतो ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याला काही करता येणार नव्हतं. सॅक्सवाल्याने पेटी उघडली, वाद्य जोडलं, आणि एक लांब सूर धरला. चांगला भरदार, स्थिर सूर होता. मग तो मध्येच फाटला आणि त्यातून अशी काही किंकाळी निघाली, की खालचे डॉक्टर जिन्याच्या तोंडाशी येऊन वर बघू लागले.

"थांबा, थांबा!" कवळीवाला ओरडला. "सुटली ना?"

"नाही. हे मी मुद्दाम केलं."

पुन्हा वाजवणं सुरू झालं. पुन्हा किंकाळी.

"हेही मुद्दाम?"

"नाही. आत्ता सुटली."

कवळीवाल्याने पेन्सिल कानावरून काढली आणि परत ठेवली. त्याच्या कानाला दोन्ही किंकाळ्या एकाच माळेचे मणी होते.

पुढे पाच महिने हेच चाललं. दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी सॅक्सवाला यायचा, नवी कवळी घालायचा, वाजवायचा. कवळीवाला वहीत खुणा करायचा. 'क' म्हणजे कवळीमुळे, 'मु' म्हणजे मुद्दाम. पहिल्या महिन्यात तो विचारून विचारून खुणा करत होता आणि त्याच्या नाकी नऊ आले. सॅक्सवाल्यालाही दर दोन मिनिटांनी थांबून आपल्याच वाजवण्याची कबुली द्यायचा कंटाळा आला.

"असं नाही जमायचं," तो एकदा म्हणाला. "बरोबर कसं वाजतं ते ठाऊक नसेल, तर चूक कशी पकडशील तू?"

पुढच्या मंगळवारी त्याने एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणि वीसेक रेकॉर्ड आणून टाकल्या. जॅझच्याच सगळ्या, पण त्यांचं एकमेकांशी नातं काय हे कवळीवाल्याला कळेना. एकीत ढोलवाला ताल धरायचा सोडून नुसतं ढोलावर ब्रश फिरवत बसला होता. एकीत पियानोवाला हाताच्या कोपराने वाजवत असावा असा आवाज होता. एकीत आठ माणसं एकाच वेळी सुरू झाली आणि कोणी कोणासाठी थांबलं नाही. आणि एक रेकॉर्ड अगदी मवाळ, शांत, संध्याकाळी दिवे लागल्यासारखी. ती ऐकून कवळीवाला म्हणाला, "ही बरी आहे."

"ती सगळ्यांनाच बरी वाटते. ती शेवटी ऐक."

काम करता करता तो रेकॉर्ड लावू लागला. चकाकीचं मशीन सुरू असताना निम्मं ऐकूच यायचं नाही, म्हणून ते काम तो रेकॉर्डची बाजू संपली की करू लागला. तिसऱ्या महिन्यात वहीतल्या खुणा न विचारता होऊ लागल्या. एका गुरुवारी त्याने हात वर केला.

"ही कवळीची."

"छे, माझी."

"तुमची असती तर खालून चढत आली असती. ही एकदम वरून पडली."

सॅक्सवाल्याने कवळी काढून बघितली. मागच्या कडेला हवा शिरली होती. त्या दिवसापासून वहीत 'मु' की 'क' हे तोच कवळीवाल्याला विचारू लागला.

चौथ्या महिन्यात एकदा कवळीवाला दाढा निवडत बसला होता. रेकॉर्डची दुसरी बाजू लागलेली होती. तिच्यात एका जागी बेसवाला, जाड तारांचं खर्जातलं वाद्य वाजवणारा, तीन सूर वाजवून गप्प होतो. आपण त्या तीन सुरांची वाट बघतो आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं. सूर आले, पण त्याच्या अंदाजाच्या किंचित आधी. तो चिडला. मग आपण चिडलो कशावर, याचंच त्याला नवल वाटलं. हातातली दाढ त्याने चुकीच्या खणात टाकली होती.

अकरावी कवळी जमली. तिचे पुढचे दात जरा आत सरकवलेले होते, मागची कड टाळूवर थोडी जास्त चढवलेली होती, आणि डावीकडे एक जाडसर उंचवटा होता जो दातांच्या कुठल्याही डॉक्टरने चूक म्हणून घासून टाकला असता. सॅक्सवाल्याने तासभर वाजवलं. वहीच्या त्या पानावर एकही 'क' नाही.

"झालं," कवळीवाला म्हणाला, आणि लगेच त्याला वाटलं, आता मंगळवारी काय?

सॅक्सवाल्यालाही ते जाणवलं असावं. पेटी बंद करता करता तो म्हणाला, "शनिवारी मोकळा असतोस का? खोकी उचलायला माणूस हवाय."

शहरात एक लहानसं रेडिओ स्टेशन होतं. पाणीपुरवठ्याच्या जुन्या कचेरीच्या वरच्या दोन खोल्या, भिंतींना जाड पडदे, आणि हौशी मंडळींनी चालवलेले कार्यक्रम. शनिवारी साडेतीनला बागकामाचा सल्ला, पाचला खेळांचे निकाल, आणि मधला चार ते पाच हा तास सॅक्सवाल्याचा. त्यात तो हव्या त्या रेकॉर्ड लावायचा, नव्यातल्या नव्या, अवघडातल्या अवघड. बोलायचा फार कमी. कवळीवाला खोकी उचलून न्यायचा आणि काचेपलीकडे ऑपरेटरच्या शेजारी स्टुलावर बसायचा. ऑपरेटर जाडजूड, शांत गृहस्थ होता. निकाल वाचणारा वेळेवर आला नाही तर निकालही तोच वाचायचा.

"तुला आवडतं का रे हे?" ताईने विचारलं.

"आवडतं असं नाही. कळायला लागलंय."

"भांडी पडली की मलाही कळतं," ताई म्हणाली.

अशी दोन वर्षं गेली. मग एका बुधवारी कारखान्यात फोन वाजला. पलीकडून सॅक्सवाला बोलत होता, पण त्याची जीभ जड झाली होती, शब्द ओले फडके पडल्यासारखे पडत होते. अर्धांगाचा झटका हलकाच होता, असं तो सांगत होता. हे सांगायला त्याला बराच वेळ लागला.

"शनिवारी तू जा."

"मी? मी काय बोलणार?"

"जबड्याबद्दल बोलतोस ना. तसंच."

शनिवारी कवळीवाला माइकसमोर बसला तेव्हा त्याची दातखीळ बसायची वेळ आली होती. कागदावर त्याने सगळं लिहून आणलं होतं. लाल दिवा लागला.

"नमस्कार," तो म्हणाला. "नेहमीचे वादक आजारी आहेत. मी त्यांची कवळी करतो."

काचेपलीकडे ऑपरेटरने तोंडावर हात धरला.

"आता जी रेकॉर्ड लागेल तिच्यात चौथ्या मिनिटाला एक किंकाळी आहे. तुमचा रेडिओ बिघडलेला नाही. ती खालून चढत येते, म्हणजे ती मुद्दाम केलेली आहे. तिच्याआधी बेसवाला थांबतो. तो विसरलेला नाही, तो जागा करून देतो. बाकी मला फारसं माहीत नाही."

रविवारी तो सॅक्सवाल्याला भेटायला गेला. सॅक्सवाला उशीला टेकून बसला होता, उशाशी रेडिओ होता.

"फार बोललास," तो म्हणाला. "पण खरं बोललास."

तो परत स्टुडिओत आला नाही. अकरा महिन्यांनी, एका मंगळवारी, तो गेला. त्या शनिवारी कवळीवाल्याने सुरुवातीलाच तसं सांगितलं आणि ठरलेल्या रेकॉर्ड लावल्या. सॅक्सवाला श्रद्धांजलीच्या कार्यक्रमांची फार टिंगल करायचा, म्हणून त्याने तसलं काही केलं नाही. कार्यक्रम संपल्यावर ऑपरेटरने त्याला चहा करून दिला आणि दोघं निकाल संपेपर्यंत बसून राहिले. पुढच्या महिन्यात वादकाच्या मुलीने नऊशेच्या वर रेकॉर्ड खोक्यांत भरून घरी पाठवल्या. ताईने दार उघडलं, ओळीने मांडलेली खोकी पाहिली आणि म्हणाली, "आता आपण कुठे राहायचं ते ठरव." शेवटी मागची खोली रेकॉर्डना गेली.

पंधरा वर्षं तो शनिवारी चार ते पाच बोलत राहिला. एक शनिवार चुकला, तोही घशाला सूज होती म्हणून. वर्षाला पाचसात पत्रं यायची. एकाने लिहिलं होतं, 'तुमच्या कार्यक्रमामुळे आमच्या कुत्र्याने घर सोडलं.' ते पत्र त्याने कार्यक्रमात वाचून दाखवलं आणि कुत्रा परत आल्यास कळवा म्हणून सांगितलं. कुत्रा दोन दिवसांनी आला. तेही पत्र आलं.

मग स्टेशनला नव्या प्रमुख बाई आल्या. हुशार, नेटक्या आणि आकड्यांवर भरवसा असणाऱ्या. त्यांनी चारशे घरांत पाहणी केली आणि कवळीवाल्याला बोलावून घेतलं.

"तुमच्या तासाचा आकडा आलाय," त्या म्हणाल्या.

"किती?"

"पाहणीवाल्यांनी लिहिलंय, मोजण्याइतका नाही."

"म्हणजे शून्य?"

"शून्य म्हणायला त्यांना अवघड वाटलं असेल." त्या वाईट नव्हत्या, त्यांनाही बोलणं जड जात होतं. "महिनाअखेरपर्यंत चालू द्या. पुढे त्या वेळात घरगुती दुरुस्ती सुरू करू."

कवळीवाला बरं म्हणाला. वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं. कवळी बसत नाही म्हणून पेशंटने परत पाठवली, तर त्याच्याशी भांडून ती बसत नाही, हे त्याला तीस वर्षांच्या धंद्याने शिकवलं होतं. घरी येऊन त्याने ताईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. चिरतच राहिली.

महिन्यातला शेवटून दुसरा शनिवार. त्याने तिघा वादकांची एक लांब रेकॉर्ड निवडली होती. तिच्यात मध्यावर तिघंही थांबतात. पन्नास सेकंद पूर्ण शांतता, आणि मग पियानोवर एकच सूर. स्टेशनमध्ये एक यंत्र होतं. तीस सेकंद काही ऐकू आलं नाही, तर प्रक्षेपण बंद पडलं असं समजून ते आपोआप एक राखीव टेप सुरू करायचं. जुना ऑपरेटर अशा रेकॉर्डच्या वेळी ते यंत्र बंद ठेवायचा. त्या दिवशी तो रजेवर होता. बदली माणूस नवा होता, आणि त्याला सांगायचं कवळीवाला साफ विसरला.

शांतता सुरू झाली. कवळीवाला मनात मोजत होता. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. आणि धाडकन बँड वाजायला लागला. तुताऱ्या, झांजा, ढोल, कवायतीच्या मैदानावरचं सगळं सैन्य खोलीत घुसल्यासारखं.

बदली ऑपरेटर यंत्राचं एकेक बटण दाबू लागला आणि प्रत्येक बटणागणिक बँड चढतच गेला. तेवढ्यात फोन वाजला. उचलायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून कवळीवाल्याने उचलला.

"काय चाललंय हे?" एक बाई संतापून बोलत होती. मागे वाफेचा फुसफुस आवाज येत होता. "मी लाँड्रीत इस्त्रीला असते. दर शनिवारी ऐकते. आत्ता इस्त्री उभी करून ठेवली होती, आवाज नको म्हणून. आता सूर येईल, आता येईल म्हणून वाट बघतेय, आणि हा बँड! कोणी घातला?"

"यंत्राने," कवळीवाला म्हणाला. "चूक माझी आहे. तो सूर यायला वीस सेकंद राहिले होते."

"मग लावा परत. पहिल्यापासून."

फोन ठेवला की वाजायचा. एक म्हातारे गृहस्थ नुसतेच "अरेरे" म्हणून ठेवून गेले. चौघं म्हणाले, बँड छान आहे, हाच चालू ठेवा. एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी आवाज ओळखला आणि म्हणाले, "अहो, तुम्ही आमच्या कवळ्या करणारे का? इतकी वर्षं ऐकतोय, आज फोनवर कळलं!" एकूण अकरा फोन आले. बँड आवरला तेव्हा त्याने माफी मागितली आणि रेकॉर्ड पहिल्यापासून लावली. या वेळी यंत्र बंद होतं. पन्नास सेकंद गेले, सूर आला, आणि खेळांचे निकाल सात मिनिटं उशिरा सुरू झाले.

सोमवारी प्रमुख बाईंनी परत बोलावलं.

"अकरा फोन," त्या म्हणाल्या. "बागकामाला सबंध वर्षात नऊ आलेत."

"त्यातले चौघं बँड छान होता म्हणाले."

"असू देत. बँडच्या आधी रेडिओ लावलेला होता ना त्यांनी?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "अर्धा तास देते. दर शनिवारी, साडेचार ते पाच."

"अर्ध्या तासात नाही बसत. काही रेकॉर्डची एकेक बाजूच बावीस मिनिटांची आहे."

"मग छोट्या लावा."

"पुढचे दात छोटे केले तर मागून कवळी सुटते," तो म्हणाला. बाईंना यातलं काही कळलं नाही, पण माणूस नाही म्हणतो आहे एवढं कळलं. तो तसाच घरी आला.

ताईने सगळं ऐकून घेतलं. गेल्या पंधरा वर्षांत तिने हा कार्यक्रम एकदाही पूर्ण ऐकलेला नव्हता. चार वाजले की ती शेजारणीकडे जाऊन बसायची, आणि हे लपवायची तिला कधी गरज वाटली नव्हती.

"हे बघ," ती म्हणाली, "मला ते कळत नाही, आणि या वयात कळून घ्यायचंही नाही. पण शनिवारी दुपारी तू तोंड पाडून घरात बसलेला मला चालायचा नाही. सगळंच मागू नकोस. पंधरा दिवसांतून एकदा माग, पण पूर्ण तास माग."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"तर तू इथे. आणि मी कायमची शेजारणीकडे."

बाईंनी हो म्हटलं. एका शनिवारी घरगुती दुरुस्ती, एका शनिवारी जॅझ. नळ गळत असलेली माणसं चुकून कवळीवाल्याच्या शनिवारी रेडिओ लावायची, त्यातली एकदोन टिकली. हे सात वर्षं चाललं. मग पाणीपुरवठ्याची इमारत पाडायचं ठरलं आणि स्टेशन एका बुधवारी बंद झालं. पुढचा शनिवार त्याचा होता. त्याने रेकॉर्ड निवडून ठेवल्या होत्या. त्या त्याने परत जागेवर लावल्या.

त्याला तेव्हा बासष्ट वर्षं झाली होती. कवळ्यांचं काम तो अर्धा दिवस करू लागला. लाँड्रीतली ती बाई एकदा कारखान्याचा पत्ता शोधत आली. फोनवरच्या आवाजापेक्षा ती बरीच लहानखुरी होती. कार्यक्रम बंद झाला, तर त्या रेकॉर्ड कुठे ऐकायला मिळतील, असं तिने विचारलं. कवळीवाल्याने असा विचार केला नव्हता. महिनाभर तो मागच्या खोलीत जाऊन खोक्यांसमोर बसत होता. मग सार्वजनिक वाचनालयात जाऊन त्याने ग्रंथपालांना विचारलं. त्यांनी जागा द्यायचं कबूल केलं, पण प्रत्येक रेकॉर्डचं एक कार्ड हवं म्हणाले.

त्याने नऊशे बेचाळीस कार्डं लिहिली. त्याला सव्वा वर्ष लागलं. कार्डावर वादकांची नावं, वाद्यं, वर्ष, आणि खाली एक ओळ: काय ऐकायचं, कुठे थांबायचं, कोणती बाजू आधी लावायची. सॅक्सवाल्याने शेवटी ऐकायला सांगितलेल्या त्या मवाळ रेकॉर्डच्या कार्डावर ही खालची ओळ त्याने कोरीच ठेवली.

पहिल्या वर्षी सदतीस रेकॉर्ड लोकांनी घरी नेल्या. त्यातल्या एकोणीस लाँड्रीतल्या बाईने. मागची खोली रिकामी झाली तशी ताईने तिथे आपला पलंग हलवला. तिथे सकाळचं ऊन येतं, असं ती म्हणाली. इतकी वर्षं खोक्यांच्या आड तिथे खिडकी आहे हेच तिला आठवलं नव्हतं.